काट्यावरचे रज्जाकभाई

रज्जाकभाई तांबोळी चोर होते की नव्हते, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला कधी पडला नाही. ते चोरच होते. प्रश्न पडला तो मला, आणि तोही फार उशिरा, त्यांच्या हाताखाली पूल खेळायला शिकताना.

आधी त्यांचं काम सांगते. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ, त्यातलाच एक आमचा. गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला वजनकाटा. उसानं भरलेली गाडी काट्याच्या लोखंडी फळीवर चढते आणि शेजारच्या काचेच्या केबिनमधला माणूस बटण दाबून तिचं वजन घेतो. ऊस गव्हाणीत, म्हणजे यंत्राच्या तोंडाशी, पडला की गाडी परत फळीवर येते, मग रिकामीचं वजन. भरलीतून रिकामी वजा केली की उरेल तो आपला ऊस. पोराटोरांना येईल अशी वजाबाकी, पण आमच्याकडे माणसं सोयऱ्याधायऱ्यांवर विश्वास ठेवतील, या वजाबाकीवर ठेवणार नाहीत. त्या केबिनमध्ये रज्जाकभाई तीस वर्षं बसले.

आमचे तात्या दोन एकर उसाचे आणि एका बैलगाडीचे मालक. हंगामात गाडी खाली करून आले की हातपाय धुवायच्या आधी ठरलेलं वाक्य टाकायचे, "आज बी पोतंभर खाल्लं रज्जाकनं." एकदा त्यांनी खात्री करायला गाडी आधी बाहेरच्या काट्यावर नेली, परतताना रिकामीही तिथंच तोलून आणली. फरक निघाला. केवढा? बरोब्बर पोतंभर. मग काय, पुरावाच झाला. मी जेवायला कुरकुर केली की आई म्हणायची, "गप जेव, न्हाईतर रज्जाक येईल आन् तुला बी तोलून न्हील." बाकीच्या पोरांना बागुलबुवा होता. मला रज्जाक होता.

पुढं मी नगरला राहून बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. तात्यांनी प्रमाणपत्र फ्रेम करून देवांच्या शेजारी टांगलं. ते उलटं टांगलं गेलं होतं आणि दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण घरात वाचणारी एकटी मी, आणि मी होते नगरला. हे सांगायला मला लाज वाटत नाही. उलटी का असेना, पदवी माझी आहे. तिच्याच जोरावर मला आमच्याच कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्टची नोकरी लागली.

पहिल्या दिवशी गेटातून आत जाताना मी मुद्दाम काट्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, पोट सुटलेला, मिश्यांना पीळ दिलेला कुणी गडी असेल. फळीवर एक किडकिडीत माणूस खराट्यानं चिखल झाडत होता. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, कानावर पेन्सिल. झाडून झाल्यावर त्यानं वाकून फळीच्या फटीत बघितलं, एक खडा बोटानं काढला, आणि मग गाडीवाल्याला हात केला. मी मनात म्हटलं, चोर किती निगुतीनं काम करतो बघा.

कारखान्याच्या कॉलनीत स्टाफ क्लब आहे. मधल्या खोलीत हिरव्या कापडाचं पूलचं टेबल, कडेला बॉल पडायची सहा पॉकेटं. कुण्या जुन्या साहेबांनी हौसेनं आणवलं. साहेब बदलून गेले, टेबल राहिलं. क्लब पदवीधर स्टाफला खुला. एखादी बाई तिथं येईल हे नियम करणाऱ्याच्या डोक्यातच न आल्यामुळे मनाई लिहायची राहून गेली होती. मी पदवीधर होते. मी गेले.

रज्जाकभाई मॅट्रिक, म्हणजे नियमानं त्यांना प्रवेश नव्हता. पण आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्याबरोबर फरशीही खालीवर होते. टेबलाच्या पायांखाली पत्र्याच्या चकत्या सारून ते सपाटीत आणणं रज्जाकभाईंशिवाय कुणाला जमत नसे. म्हणून त्यांना मुभा. पाच वाजता ड्यूटी सुटली की ते यायचे आणि सगळ्या पदवीधरांना हरवून सातला घरी जायचे.

कसे हरवायचे ते बघण्यासारखं होतं. त्यांची पाळी आली की ते आधी टेबलापासून दोन पावलं मागं सरायचे. पॉकेटाकडे बघायचे, मग मारायच्या बॉलकडे, मग ज्यानं मारायचं त्या पांढऱ्याकडे. ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलायचे. स्टिकच्या टोकाला निळा खडू तीनदा फिरवायचे. मग उजवा पाय एका जागी रोवून कमरेत वाकायचे, हनुवटी स्टिकला टेकेल इतके, आणि बॉलला न लावता स्टिक तीन वेळा मागंपुढं न्यायचे. थांबायचे. मग मारायचे, आणि बॉल पॉकेटात पडल्याचा आवाज येईपर्यंत डोकं वर काढायचे नाहीत. मध्ये कुणी शिंकलं, पंख्यानं कुरकुर केली, नाहीतर नुसतं त्यांच्याच मनात काही आलं, की ताठ उभे राहायचे. परत दोन पावलं मागं. परत पहिल्यापासून. बॉल पॉकेटाच्या तोंडाशी का असेना, फुंकर मारली तर पडेल असा का असेना, तरी सगळं तसंच.

"रज्जाकभाई, बॉल पेरलाय का तिथं? उगवायची वाट बघताय?" गाडे साहेब ओरडायचे. गाडे साहेब आमचे शेतकी अधिकारी, माणूस मोकळा, हरला की जास्तच मोकळा.

"उगवला की सांगतो, साहेब," एवढं बोलून रज्जाकभाई मागं सरकायचे.

मला त्यातल्या एकाही गोष्टीवर विश्वास नव्हता. ओठांतलं पुटपुटणं म्हणजे मंत्र, असं गाडे साहेबांचं मत. माझं मत शास्त्रीय होतं. समोरच्याला कंटाळा आणून चुकवायची ही युक्ती. आणि त्याहून मोठा संशय असा की जो माणूस काटा लावतो तोच टेबल लावतो. त्यानं एका पॉकेटाकडे केसभर उतार ठेवला असेल आणि तो फक्त त्यालाच ठाऊक असेल, तर? तात्यांची मुलगी मी. मला हे सुचणारच.

एक दिवस मी सिव्हिल खात्यातून लेव्हल मागून आणली. गवंड्यांची असते ना, काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा असतो, तीच. सगळ्यांदेखत टेबलावर ठेवली. बुडबुडा खिडकीच्या बाजूला सरकला.

"हे काय हो, रज्जाकभाई?" मी जरा मोठ्यानंच विचारलं.

गाडे साहेबांनी टाळीच वाजवली. "धरला! मॅडमनी काटा धरला!"

रज्जाकभाई जवळ आले, वाकून बघितलं. रागावले वगैरे नाहीत. "मॅडम, आता तीच लेव्हल तोंड फिरवून ठेवा. त्याच जागी."

मी फिरवून ठेवली. बुडबुडा दाराकडे गेला.

टेबल एकाच वेळी खिडकीकडे आणि दाराकडे कसं उतरेल? लेव्हलच खोटी होती. मी बी.एस्सी., आणि ही तपासणी मला सुचली नव्हती.

"संशय घ्यायचा तर पुरता घ्यावा," ते हळू आवाजात म्हणाले. "हत्याराचा पण घ्यावा. आपल्याला टेबलाचा येतो, दुसऱ्याचा येतो, हातातल्या वस्तूचा येत नाही."

घरी आले तेव्हा मी चिडलेली होते. पण दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, मला शिकवा. शिकायचं तर होतंच, पण खरं सांगायचं तर मला जवळून बघायचं होतं. माणूस काट्यावर काय करत असेल ते टेबलावर कधीतरी दिसेल, असा माझा अंदाज.

पंधरा दिवस त्यांनी मला बॉलला हात लावू दिला नाही. नुसतं मागं सरणं, बघणं, खडू, पाय, वाकणं, स्टिकचे तीन हात, थांबणं. मला वाटलं, खरी विद्या लपवून हे रिकामं काहीतरी देतोय. मी वहीत प्रॅक्टिकलसारखं 'कृती' म्हणून सगळं उतरवून घेत होते. त्यांनी वही बघितली. "लिहू नका, मॅडम. कागदावर आलं की माणसाला वाटतं, झालं काम." ओठांत काय बोलता म्हणून विचारलं तर म्हणाले, "पॉकेटाचं नाव. खिडकीचं, दाराचं, मधलं. आपण काय करणार ते आधी आपल्याच कानाला सांगायचं. नंतर म्हणायला नको, मला तेच करायचं होतं." मला तेही पटलं नाही. मंत्र असता तर पटला असता.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की मी त्यांच्यावर संशय घेते त्याच्या दसपट तो माणूस जगावर घेतो. आठवडे बाजाराला जाताना त्यांच्या पिशवीत पितळेचं अर्ध्या किलोचं वजन असायचं, सरकारी शिक्क्याचं. भाजीवाल्याच्या तागडीत आधी ते टाकायचे, काटा बघायचे, मगच वांगी घ्यायचे. "आलं बाबा इन्स्पेक्टर," म्हणत बाया हसायच्या. मी एकदा बरोबर होते. एकीनं सुनावलं, "भाई, हितं अर्ध्या किलोला एवढं बघता, तिकडं गाडीला बघता का?" रज्जाकभाईंनी वजन पिशवीत ठेवलं आणि वांगी न घेताच पुढं निघाले. ते मी मनात नोंदवून ठेवलं.

दोन हंगाम असे गेले. माझा हात बसला. नगरला साखर कारखान्यांच्या स्टाफच्या स्पर्धा असतात, त्यात पूलसाठी आमच्याकडून माझं नाव गेलं. रज्जाकभाईंना नियमात बसवता आलं नाही, पण ते रजा टाकून जीपमध्ये बसले.

मी उपांत्य फेरीपर्यंत गेले. शेवटी माझा काळा बॉल राहिला, तो घातला की डाव माझा. सोपा होता. भोवती पन्नास-साठ माणसं, एक बाई एवढ्यापर्यंत आली म्हणून मुद्दाम गोळा झालेली. मी मागं सरले, पॉकेटाचं नाव घेतलं, वाकले, तीन हात झाले, आणि थांबल्यावर मनात आलं, पाय चुकलाय. उठायला हवं होतं. त्याच वेळी मागून कुणीतरी म्हणालं, "हाना की ताई, गाडी चुकंल आमची." लोक हसले. मी मारला. बॉल पॉकेटाच्या ओठाला लागून बाहेर आला. पुढच्या पाळीला समोरच्यानं डाव संपवला.

परतताना दुपार होती. गाडे साहेब ड्रायव्हरशेजारी बसल्या बसल्या घोरायला लागले. मागं आम्ही दोघं.

"मन उठ म्हणालं होतं ना?" रज्जाकभाईंनी विचारलं.

"म्हणालं."

"मग?"

"लोक बघत होते. घाई करत होते."

"हं," ते म्हणाले. बाहेरच्या उसाकडे बघायला लागले. मला वाटलं आता ही वेळ आहे. पुन्हा धीर होणार नाही.

"रज्जाकभाई, एक विचारू? आमचे तात्या म्हणतात, तुम्ही दर गाडीला पोतंभर ऊस खाल्लात. खरं काय ते सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तुमच्या तात्यांची गाडी मला आठवते. बैल एक तांबडा, एक पांढरा. भरल्या गाडीला तात्या खाली उतरून कासरा धरून उभे राहायचे. उतरायलाच लागायचं, मी उतरवायचो. रिकामी गाडी परत यायची तेव्हा आत बसून यायचे. दमलेले असायचे. मी माइकवरून सांगायचो, तात्या, खाली उतरा. ते म्हणायचे, आता गाडीत काय ऱ्हायलंय तवा उतरवतो, तुझा काय डाव हाय मला कळत न्हाय व्हय? आणि मुद्दाम नीट मांडी घालून बसायचे."

मी केमिस्ट आहे. मला वजाबाकी येते. भरली गाडी तात्यांशिवाय तोललेली, रिकामी तात्यांसकट. रिकामीचं वजन जेवढं वाढेल तेवढा ऊस कमी. तेव्हा तात्या भरतील साठ-पासष्ट किलो. पोतंभर! बाहेरच्या काट्यावरचा माणूस अनोळखी, तिथं भांडण नको म्हणून ते दोन्ही वेळा मुकाट उतरले असणार. रज्जाक काही तरी डाव करतोय या संशयापायी तात्या सगळी वर्षं स्वतःलाच उसातून वजा करत बसले होते.

मला हसू फुटलं. आणि हसता हसता थांबलं.

"पण तुम्हाला तर कळत होतं," मी म्हणाले. "पंखा वाजला तरी तुम्ही शॉट सोडून उठता. मग तिथं बटण का दाबलंत?"

"पहिली दोन वर्षं नाही दाबलं. हुज्जत घालून उतरवायचो. मागं शे-दीडशे गाड्यांची रांग, सगळे शिव्या देणार, तात्या पण शिव्या देणार. एका दिवशी म्हटलं, बसताय तर बसा. दाबलं. आणि दुसरं पण सांगतो, पोरी. भरल्या गाडीवर माणूस बसलेला राहिला तर मला मेमो मिळायचा. रिकामीवर राहिला तर कुणी विचारायचं नाही. त्यात कारखान्याचं काही जात नव्हतं ना."

पहिल्यांदाच त्यांनी मला पोरी म्हटलं.

"आणखी कितीजण बसायचे?"

"बसायचे," एवढंच ते म्हणाले.

पुढं श्रीगोंद्याच्या फाट्यावर जीप चहाला थांबली. उतरताना ते म्हणाले, "तात्यांना तुम्ही सांगू नका. माझं मी येऊन सांगतो."

मी सांगितलं नाही. पण येतील असंही मला वाटलं नाही. महिने गेले. ते रिटायर झाले, त्यांचा सत्कार झाला, नारळ आणि शाल मिळाली, शेवगावला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. आले नाहीत. मी मनाशी म्हणत होते, बघ, जीपमध्ये बोलणं वेगळं. मला तर असंही वाटायला लागलं होतं की ती सगळी गोष्ट त्यांनी वाटेत रचली. माझ्या तोंडून पोतंभर ऐकलं आणि पोतंभराचा हिशोब जुळवून दिला. एवढं डोकं त्या माणसाला नक्की होतं. मी तांबड्या आणि पांढऱ्या बैलाबद्दल आईला आडून विचारलं. बैल बरोबर होते. पण बैल कुणालाही आठवतील.

शेवगावला निघायच्या आदल्या दिवशी ते आले. रविवार होता, मी घरी होते. तात्या अंगणात बाजेवर, गुडघ्याला तेल चोळत बसलेले. स्कूटीवरून उतरणारा माणूस त्यांनी ओळखला आणि तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"कोन, रज्जाक? हिकडं कुठं वाट चुकलास?"

"तुमच्याकडंच आलो, तात्या."

आईनं खुर्ची दिली. रज्जाकभाई बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, जीपमध्ये सांगितलं तसंच, माइक, रांग, मेमो, एकही शब्द स्वतःच्या बाजूनं न ओढता. "तुमचं नुकसान झालं ते तुम्ही बसल्यामुळं झालं. पण मला दिसत होतं आणि मी दाबलं. ते माझं," असं म्हणाले आणि हात जोडले.

तात्या ऐकत होते. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही, आणि मला वाटत होतं तो मला वाचता येतो. शेवटी म्हणाले, "रिकाम्या गाडीत माझं वजन?"

"व्हय."

"आन् एवढी वर्सं झाल्यावर आज सांगाय आलास?"

"व्हय, तात्या."

"च्या पी," तात्या म्हणाले.

चहा झाला. पावसापाण्याचं, शेवगावच्या नातवंडांचं बोलणं झालं. मला माझा पूलचा खेळ कसा काय चाललाय ते रज्जाकभाईंनी विचारलं, मी बरा चाललाय म्हटलं. मग त्यांनी कप खाली ठेवला, तात्यांना सलाम केला आणि फाटकाकडे निघाले. मी पोचवायला उठणार तेवढ्यात तात्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. कानात सांगितल्यासारखं वाकले, पण हल्ली त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज गल्लीच्या टोकाला जाते.

"ध्यानात ठिव," तात्या म्हणाले, "पोतंभर कबूल कराय घरी आलाय. म्हंजी गाडीभर खाल्लं आसंल!"

रज्जाकभाई फाटकाशी पोचले होते. त्यांचा हात कडीवर थांबला. त्यांनी मान वळवली नाही, पण खांदे हलायला लागले, आधी थोडे, मग चांगलेच. हसत होते, का काय, ते मला मागून कळलं नाही. तसेच खांदे हलत असताना त्यांनी कडी काढली, बाहेर गेले आणि फाटक आठवणीनं लावून घेतलं.